आईला सांगलीची बघायची होती

सातारा ते सांगली हा काही लिहून ठेवावा असा प्रवास नाही. वाटेत समुद्र ओलांडावा लागत नाही की बर्फाचे डोंगर लागत नाहीत. लोक बाजाराला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, मुलगी बघायला जातात. आम्हीही तशी एक मुलगीच बघायला गेलो होतो. फक्त ती पन्नाशीला टेकलेली होती, आणि तिला बघायचं होतं माझ्या आईला.

साताऱ्याहून निघताना

आमच्या आप्पांचं साताऱ्यात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. आता ते मी चालवतो. ही विद्या ते तरुणपणी सांगलीत एका वर्कशॉपात राहून शिकले. त्या दिवसांत त्यांनी तिथली एक मुलगी पाहिली होती. पत्रिका जुळली नाही म्हणून ते बारगळलं, आणि पुढच्या वर्षी आमच्या आईशी लग्न झालं. गोष्ट एवढीच. पण आप्पांनी ती तीस वर्षं पुरवून वापरली.

भाकरी करपली की म्हणायचे, "सांगलीला एक स्थळ होतं. तिकडच्या भाकरीला डाग पडत नाही म्हणे." आई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "अजून गाडी जाते सांगलीला. डबा बांधून देऊ का?" आमटी खारट झाली, सदऱ्याचं बटण तुटलं, मी परीक्षेत नापास झालो, कशातही सांगलीची यायचीच. तिची वेणी आधी कमरेपर्यंत होती, ती माझी मुंज होईपर्यंत गुडघ्याला पोचली. ती कृष्णा पोहून जायची. पुढेपुढे तर पुरातसुद्धा जायला लागली.

मागच्या माघात तापाचं निमित्त होऊन आप्पा गेले. आई त्या मानाने फारशी रडली नाही. तिचं बोलणंच थांबलं. "हो", "नको", "ठेव तिथं", एवढ्यावर तिने वर्ष काढलं. आलेल्या बायका बसून जायच्या, ही भिंतीकडे बघत ऐकायची. दुकानात माझंही फार वेगळं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की हातातलं काम दाखवायचो आणि ते गेलं की पान्हा धरून नुसता बसून राहायचो. पण मला निदान दुकान होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "इथं नको. हरिपूरच्या संगमावर करू."

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. जागा पवित्र आहे, तेव्हा मला काही खटकलं नाही. माझी बायको म्हणाली, "घेऊन जा. वर्षात पहिल्यांदा त्यांनी काही मागितलंय."

कोरेगावला आगगाडी धरायची होती, म्हणून सर्व्हिस मोटारीने निघालो. लढाईमुळे पेट्रोल नाही, तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. मागे बंबासारखी टाकी, क्लीनर खाली उतरून पंखा फिरवतो, मग ती खोकते, थरथरते आणि मर्जी झाली तर निघते. चढ आला की ड्रायव्हर मागे वळून नम्रपणे म्हणतो, "जरा पाय मोकळे करा मंडळी." मंडळी उतरून चालतात आणि मोटार त्यांच्यामागून वर येते. वर्षभर उंबरा न ओलांडलेली माझी आई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे चालत होती. वर पोचल्यावर बघतो तर धुराने तिचं अर्धं तोंड काळं झालेलं. मी हसलो. तिने माझ्याकडे बघितलं, पदराने स्वतःचं तोंड पुसलं आणि मग माझंही पुसलं. तेही तितकंच काळं होतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर हरभरा घाट्याला आलेला, ज्वारीच्या कणसांवर गोफणी फिरत होत्या. कऱ्हाड गेल्यावर आई म्हणाली, "श्राद्ध काय, साताऱ्यातही झालं असतं."

"मग?"

"मला ती सांगलीची बघायची आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी डब्यात इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"आई, ती आता कुठे असेल, कोणाच्या घरात असेल. आणि जाऊन सांगायचं काय?"

"काही नाही सांगायचं. बघायचं. तीस वर्षं तिच्याबरोबर संसार केलाय मी. एकदा बघायला नको?" थोड्या वेळाने म्हणाली, "शिदूतात्यांना ठाऊक असेल. तेच गेले होते ह्यांच्याबरोबर बघायला."

वर्षभरात ती इतकं एका दमात बोलली नव्हती. मी वाद घातला नाही.

शिदूतात्यांच्या गुऱ्हाळावर

शिदूतात्या म्हणजे आप्पांचे वर्कशॉपातले सोबती. त्यांना इंजिनापेक्षा बैल बरे वाटले म्हणून ते शिकणं सोडून गावी परत गेले. ताकारीला उतरून नावेने कृष्णा ओलांडली की इस्लामपूरच्या अंगाला त्यांचा ऊस आहे. नावेत आमच्याबरोबर एक बैलगाडी, दोन शेळ्या आणि रजेवर आलेला एक शिपाई होता. तो आफ्रिकेच्या वाळवंटातून आला होता आणि कृष्णेच्या पाण्यात हात घालून नुसता बसला होता. कोणी काही विचारलं की म्हणायचा, "थांबा की वाईच."

तात्यांकडे गुऱ्हाळ चालू होतं. आप्पांनी बसवून दिलेलं इंजिन घोंगडं पांघरून बाजूला बसलं होतं. तेल मिळत नाही, म्हणून चरकाला पुन्हा बैल जुंपले होते. काहिलीत रस उकळत होता, आणि सगळ्या रानाला गुळाचा वास येत होता. आम्ही साताऱ्यात रेशनच्या साखरेचा चमचा सपाट करून चहात घालतो. इथे तात्यांच्या बायकोने वाटीभर काकवी, वर तूप आणि शेजारी बाजरीची भाकरी ठेवली आणि म्हणाली, "सावकाश जेवा, अजून काहील उतरायची हाय." मी गरम गुळात बोट घालून ते भाजून घेतलं. इंजिनाला इतकी वर्षं हात लावून जे शहाणपण आलं नाही ते गुळाने एका क्षणात दिलं.

जेवणं झाल्यावर आईने विषय काढला. तात्या पान लावत होते, त्यांचा चुना लावायचा हात थांबला.

"वैनी, आता कशाला त्ये? ऱ्हाऊ द्या की."

"घर कुठे आहे तेवढं सांगा."

"बघण्यासारकं काय न्हाई वो तिच्यात. साधी बाई हाय. चार बायकांसारकी."

"वेणी?"

तात्यांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी काकवीच्या वाटीत बघत राहिलो. "वेणी आसंल की. समद्या बायकांस्नी आसती."

"पोहायची ती?"

"कोन? गंगी? तिला पान्याची लय भीती." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मग सांगावंच लागलं. गंगाक्का हरिपुरातच दिली होती, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात, संगमाच्या वाटेवरच. निघताना तात्यांनी गुळाची ढेप आम्हाला नदीवर सोडणाऱ्या बैलगाडीत ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"आईला संभाळून ने रं. तिथं काय ऐकाय मिळंल ते मनाला लावून घिऊ नगा म्हनावं."

"म्हणजे काय ऐकायला मिळेल?"

"मी काय बोललो न्हाई," असं म्हणून ते काहिलीकडे निघून गेले.

त्यानंतर माझं डोकं चालू झालं. आप्पांचं आणि त्या बाईचं काही होतं की काय? ताकारीपासून मिरजेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला एकही झाड आठवत नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी आईला असलं काही ऐकावं लागलं तर काय करायचं, हेच मनात घोळत होतं.

हरिपूर

मिरजेहून छोट्या गाडीने सांगली, तिथून टांगा. हरिपूरचा रस्ता चिंचेच्या झाडांखालून जातो. गाव हळदीचं आहे. जमिनीत विहिरीसारखे खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवतात, त्यांना पेवं म्हणतात. वरून माती लोटली की त्यावरून गाडी गेली तरी कळत नाही. आम्ही गेलो तेव्हा एक पेव उघडलं होतं. हमाल पोती भरत होते, आणि माणसं, बैल, कुत्री, भिंती सगळं पिवळं. आमच्याकडे हळद डब्यात असते. इथे डबाच हळदीत ठेवल्यासारखा वाटतो.

धर्मशाळेत सामान टाकलं. आईने हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि म्हणाली, "चल."

"उद्या श्राद्ध झाल्यावर जाऊ."

"आधी बघते. मग पिंड."

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर एक ठेंगणी, गोल, गोरी बाई सुपात हळकुंडं निवडत बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. डोक्यावर विरळ केसांचा लिंबाएवढा अंबाडा. आईने आधी तो अंबाडा बघितला. मग तिने मान जरा तिरकी केली, मागून नीट दिसावा म्हणून.

"संगमावर आलाय व्हय? बसा की," बाई म्हणाली. "पानी दिऊ?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला एक उंच गृहस्थ तराजूचा काटा पुसत होते. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा काटा पुसायला लागले.

"आमचं मालक," गंगाक्का म्हणाली. गावात त्यांना मल्लूअण्णा म्हणत. "बोलत न्हाईत. राग मानू नगा, आमच्यासंगं बी बोलत न्हाईत."

गूळपाणी आलं. आईने भांडं हातात धरलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या लग्नाआधी साताऱ्याचं एक स्थळ आलं होतं. वर्कशॉपात शिकत होते ते. आठवतात का?"

गंगाक्काने सूप खाली ठेवलं. तिने आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, आणि मग तिला उमगलं असावं, कारण तिचा आवाज उतरला. "तुमचं मालक हुतं व्हय ते? कवा गेले वो?"

"उद्या वर्ष होतंय."

"आठवतात की. न आठवाय काय झालं. लय हसत हुते."

"पत्रिका जुळली नाही ना तुमची?" आई म्हणाली.

"पत्रिका?" गंगाक्काला कळेना. "पत्रिका कुनी बघितली? मी न्हाई म्हनलं."

मी तात्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. हेच होतं तर. आई मात्र ताठ झाली. भांडं तिने खाली ठेवलं.

"तुम्ही नाही म्हणालात? ह्यांना?"

"आवं, बघाय आलं. शिरा दिला, खाल्ला. माझ्या बाबानं मला वाचाय सांगितलं. मी आपली पोथी वाचाय लागली, आन् ह्यो माणूस खाली मान घालून हसतोय. मागनं कळलं, मांजर त्यांच्या टोपीत जाऊन बसलं हुतं आन् ते कुणाला सांगंनात. पर मला काय ठावं? मी बाबाला म्हनलं, ह्या माणसाशी लगीन म्हंजी रोजची चेष्टा. मला नगं. मला आपला गप माणूस बघा." तिने नवऱ्याकडे हात केला. "बाबानं बघितला."

मल्लूअण्णा काटा पुसत होते.

आईला राग आला. वर्षभरात तिला राग आलेला मी बघितला नव्हता. तो इतका बरा दिसला की मी मधे पडलो नाही.

"चेष्टा करायचे, पण एका शब्दाने कोणाला दुखवलं नाही त्यांनी. माझी आई आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी जाऊन तिला हसवून यायचे. शेवटच्या दिवशीही ती हसली होती. इंजिन बंद पडलं की शेतकरी रडत यायचा, आणि जाताना हसत जायचा, मग ते दुरुस्त झालेलं असो नसो. नाही कसं म्हणालात तुम्ही?"

"चुकलंच म्हना की," गंगाक्का म्हणाली.

"मला म्हणाले, त्यांनीच नाकारलं. तुमची वेणी गुडघ्यापर्यंत होती म्हणाले."

गंगाक्काने आपला अंबाडा चाचपला. "ही?"

"पुरात पोहायचात म्हणाले."

"म्या? मी अजून संगमावर पायरीवर बसून तांब्यानं अंघूळ करती."

कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. गंगाक्काचं सगळं अंग हसत होतं, आणि आई तोंडावर पदर दाबून हसत होती, आणि हसता हसता केव्हातरी ती रडायला लागली. आम्ही ज्याची वर्षभर वाट बघत होतो ते रडणं हे होतं. गंगाक्का उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि पिवळ्या हाताने तिची पाठ चोळत राहिली. आईच्या पांढऱ्या लुगड्यावर हळदीचे पट्टे उमटले. हात लक्षात आल्यावर गंगाक्का दचकली, विधवेच्या अंगाला हळद लागली म्हणून. "आगं बया, काय केलं मी," म्हणून झटकायला लागली.

आई डोळे पुसत म्हणाली, "राहू दे." आणि मग, "बरं केलंत तुम्ही नाही म्हणालात ते."

त्या दिवशी आम्ही धर्मशाळेत परतलोच नाही. गंगाक्काने जेवायला बसवलं. इकडची भाकरी पापडासारखी कडक, आठ दिवस टिकणारी. आमच्या मऊ भाकरीची सवय असलेल्या दातांना ती आधी परीक्षा वाटते, पण कृष्णाकाठच्या वांग्याबरोबर दोन कधी संपल्या कळलं नाही. त्यांच्यापैकी एकीवर चांगला रुपयाएवढा काळा डाग होता. आईने तो मला बोटाने दाखवला आणि समाधानाने ती भाकरी आपल्या ताटात घेतली.

सकाळी संगमावर गेलो. दोन्ही नद्या संथ होत्या. वारणेचं पाणी जरा गढूळ, कृष्णेचं हिरवट, आणि बऱ्याच लांबपर्यंत ती वेगवेगळी दिसत होती. भटजी शांत स्वभावाचे होते. पिंड मांडले. ते म्हणाले, "वडिलांचं नाव घ्या."

दुकानाच्या पाटीवर ते नाव आहे. रोज पावतीवर मी ते लिहितो. पण दर्भ हातात धरून तोंड उघडलं आणि आवाज निघेना. भटजी थांबले. पुन्हा म्हणाले, "नाव." वर्षभर मी दुकानात पान्हा धरून जे दाबून ठेवलं होतं ते सगळं त्या नावाच्या आड येऊन बसलं होतं.

मागच्या पायरीवरून आई म्हणाली, "रघुनाथ."

नवऱ्याचं नाव तिने उखाण्याबाहेर आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. तिने ते नीट, ठसठशीत घेतलं, कोणाला तरी परसातून जेवायला बोलवावं तसं. भटजींनी मान डोलावली आणि पुढे म्हणायला लागले. मीही त्यांच्यामागून म्हणालो.

श्राद्धाचा स्वयंपाक गंगाक्काच्या घरी झाला. खीर तिने केली, वडे आईने. पानावर बसलेल्या माणसांपैकी आप्पांना एकदाच, तेही टोपीतल्या मांजरासकट पाहिलेली अशी ती एकटी होती. बाकीच्यांना आई सांगत होती.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. टांगा सांगितला होता. तो येईपर्यंत ओसरीवर आई गंगाक्काला आप्पांची माणदेशातली गोष्ट सांगत बसली. दहिवडीकडच्या एका माणसाने मुंबईत गिरणीत राबून इंजिन घेतलं आणि आप्पांना ते बसवायला बोलावलं. आप्पा गेले तर विहीर कोरडी ठणठणीत. "पाणी नाही, इंजिन कशाला?" तो म्हणाला, "पानी लागल्यावर इंजिन आणाय कुठं येळ घालवायचा?" आप्पांनी बसवलं आणि सुरू करून दाखवलं. त्या रानात असला आवाज कोणी ऐकला नव्हता. शेजारी मेंढरं चरत होती, ती उधळली ती थेट टेकडी ओलांडून. धनगर मागे धावला, आणि आपल्यामुळे झालं म्हणून आप्पाही धावले.

इतक्यात टांगा आला. आईने गोष्ट सोडली, गंगाक्काच्या गळ्यात पडली, आणि आम्ही जाऊन बसलो. टांगेवाल्याने लगाम हलवला.

"थांबा," कोणीतरी म्हणालं.

मल्लूअण्णा होते. ते ओसरीवरून उतरून टांग्याजवळ आले. गंगाक्का तोंड उघडं टाकून बघत राहिली. त्यांनी घसा साफ केला, बऱ्याच दिवसांत न उघडलेलं दार उघडावं तसा.

"मेंढरांचं काय झालं म्होरं?"

आई टांग्यात तशीच वळून बसली. "मिळाली ना. दिवसभर धावून संध्याकाळी गोळा केली. इकडे इंजिन बंद कसं करायचं ते कोणालाच ठाऊक नाही, ते आपलं चालूच. परत येऊन बघतात तर सगळा गाव त्याच्याभोवती भजनाला बसावं तसा बसलेला. कोणी कुंकू लावलेलं, कोणी नारळ फोडलेला, आणि एक म्हातारी पदराने वारा घालत होती. म्हणाली, लई तापलंय बिचारं."

टांगेवाला खाली उतरून घोड्याच्या मानेवर हात टेकून उभा राहिला.

"आन् मेंढरं?" मल्लूअण्णा म्हणाले. त्यांना विषय सुटू द्यायचा नव्हता.

"मोजली तर एक जास्त भरलं. दुसऱ्या कोणाचं तरी धावताना मिसळलं होतं. धनगर म्हणाला, माझं नाही, परक्याचं ठेवणार नाही. आप्पा ते घेऊन गावोगाव विचारत फिरले. कोणी आपलं म्हणेना. शेवटी साताऱ्याला घेऊन आले, मोटारीत, तिकीट काढून."

मी आईकडे बघितलं. मी चालायला शिकलो ते एका मेंढीच्या लोकरीला धरून, असं घरात नेहमी म्हणत. पण इंजिनाच्या दुकानात मेंढी आली कुठून, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मल्लूअण्णा हसले. आवाज न करता, पण खांदे हलले. गंगाक्काने ते बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी लिहू शकत नाही. मल्लूअण्णा वळले आणि आपल्या तराजूकडे गेले.

या सगळ्यात आमची गाडी चुकली. सांगली स्टेशनावर पोचलो तेव्हा तिचा धूरसुद्धा उरला नव्हता. स्टेशनमास्तर म्हणाले, आता संध्याकाळी. मी आईला हे कसं सांगावं या विचारात परत आलो, तर ती बाकावर सामान नीट लावून बसली होती. शेजारी बोरांची बुट्टी घेतलेली एक बाई होती.

"कुठल्या तुम्ही?" आई विचारत होती.

"जतची."

"तिकडे विहिरींवर इंजिनं आली का हो? आमचे मालक एकदा त्या बाजूला गेले होते..."

बाईने बुट्टी खाली ठेवली आणि बाकावर मांडी घातली.